एरर गेला पाहिजे, बस!

आमच्या ऑफिसातले किस्से सांगितले की लोक म्हणतात, तू वाढवून सांगतोस. अरे, अर्धे तर मी लाजेखातर सांगतच नाही!

ऑफिस नागपुरात, सदरला. धंतोलीतल्या दवाखान्यांना आम्ही सॉफ्टवेअर देतो. ते पेशंटची माहिती इन्शुरन्स कंपनीच्या सोप वेब सर्व्हिसला, म्हणजे त्यांच्या मशीनला, पाठवतं. प्रत्येक माहिती, म्हणजे आर्ग्युमेंट, ठरलेल्या नावानं, ठरलेल्या क्रमानं गेली पाहिजे. चुकलं की आर्ग्युमेंट एरर! क्लेमची मंजुरी अडकते, पेशंट बॅग भरून खाटेवर बसून राहतो.

मी इंजिनिअरिंग मध्येच सोडलेलं. मालक वानखेडे सर माझी ओळख करून देतात, "पोरगं ड्रॉपआउट आहे, पण इमानदार आहे."

जसा मी जेलमधून सुटून आलो!

*

ढोके सर आमचे सीनियर. केस पांढरे, कोड त्याहून जुना. एकदा त्यांच्या कोडमधून आडनावाच्या जागी वय गेलं. मी क्रम दाखवला तर म्हणाले, "सगळं पाठवलं ना गा? तिकडे त्याइनं लावून घ्यावं!"

लग्नाचा आहेर आहे का हा?

*

वानखेडे सर एरर वाचत नाहीत. ओळख काढतात. थेट इन्शुरन्स कंपनीच्या हेल्पडेस्कच्या मुलीला फोन, "त्या सर्व्हिसमध्ये आपल्या नागपूरचं कोणी आहे का?"

"सर, ती मशीन आहे."

"हो, पण मशीनवर बसते कोण?"

*

मग ढोके सरांनी एररचा मेसेजच लपवला. स्क्रीनवर हिरव्या अक्षरात 'यशस्वी'. दुपारी एका पेशंटची मुलगी ऑफिसात आली. "यशस्वी झालं म्हणता, मग बाबाले सोडून काहून नाही राहिले?"

"आमच्याकडून यशस्वी आहे, ताई."

ती गेल्यावर ढोके सर मला म्हणतात, "असं बोलाले एक्स्पीरियन्स लागते!"

*

मागच्या महिन्यात वानखेडे सरांचंच पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. धंतोलीतच, आमच्याच सॉफ्टवेअरवर. दवाखान्यातून सुट्टी मिळायच्या दिवशी त्यांचाच क्लेम अडकला. एरर होता, 'मृत्यूची तारीख' हे आर्ग्युमेंट आलं नाही.

मी त्यांच्या खाटेजवळ लॅपटॉप उघडला. "सर, माणूस जिवंत असला तरी ते नाव पाठवावं लागते. आत काही नाही, असं सांगून पाठवायचं. थोडा वेळ द्या, कोड बदलतो."

"डिग्री नसलेल्याचं ऐकून मी इथंच झोपून राहू का?" त्यांनी ढोके सरांना फोन लावला. "रिकाम्या हातानं कोणाच्या दारी जात असतात का? जिथं तारीख नसन तिथं आजची टाका!"

ढोके सरांनी टाकली. क्लेम गेला. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की बस!

संध्याकाळी इन्शुरन्स कंपनीचा फोन आला. सरांनी ऐटीत स्पीकर लावला.

"वानखेडेंच्या नातेवाइकांशी बोलायचं होतं. फार वाईट झालं."

"अहो, मी वानखेडेच बोलून राहिलो!"

"समजू शकतो, सर. पण डेड बॉडी ताब्यात कोण घेणार?"

सरांनी फोनवर हात ठेवला. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले,

"पण एरर तर नाही आला ना गा?"