औषध म्हणायचं नाही

आत्याच्या शेतात एक नियम आहे. फवारणीच्या विषाला 'औषध' म्हणणाऱ्याने एक सरी खुरपून द्यायची. मग तो पाहुणा असो, टपाल घेऊन आलेला पोस्टमन असो, नाहीतर पाहणीला आलेला शेतकी अधिकारी असो. एका अधिकाऱ्याने दोन वाक्यांत तीनदा औषध म्हटलं, तेव्हा आत्याने खुरपं पुढे केलं. तो हसला. आत्या हसली नाही. शेवटी बूट काढून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्याने टोमॅटोची एक सरी खुरपली आणि उरलेल्या दोन हातापाया पडून सोडवून घेतल्या.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. आजोबांनी दोघांना जमीन सारखी वाटून दिलेली, मध्ये एक बांध. त्यामुळे तिच्याबद्दल मी जे सांगते आहे, ते बरंचसं बांधाच्या अलीकडून बघितलेलं आहे.

नियमाची सुरुवात दवाखान्यात झाली. आत्याचे यजमान, आम्ही त्यांना आतोबा म्हणायचो, पाठीवर पंप बांधून लोकांच्या शेतात फवारणी करायचे. स्वतःचं रान लहान, म्हणून हा जोडधंदा. हात इतका सफाईदार की एक पान कोरडं राहायचं नाही. एका दुपारी कोबीच्या शेतात फवारता फवारता ते खाली बसले आणि बसल्या जागी आडवे झाले. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या.

दवाखान्यात टेबलापाशी एक नर्स कागद भरत होती. तिने वर न बघताच विचारलं, "औषध कधी प्यायले?"

"प्यायले नाहीत. मारत होते," आत्या म्हणाली.

"कुणाला मारत होते?"

"कोबीला."

आता नर्सने मान वर केली. "घरात काही भांडण झालं होतं का? खरं सांगा, पोलिसांना कळवावं लागतं."

आत्याने तीनदा समजावलं. पण त्या छापील कागदावर दोनच रकाने होते, चुकून प्यायले आणि मुद्दाम प्यायले. काम करताना अंगावर आलं, अशी सोयच नव्हती. पलीकडे डॉक्टर सलाईनच्या नळीत सुई टोचत म्हणाले, "हे औषध पोटात गेलेलं नाही, अंगातून शिरलंय. आता आपलं औषध लागू पडायला वेळ लागेल." एका दमात दोन औषधं. आत्या त्या बाटलीतून पडणाऱ्या थेंबांकडे बघत राहिली. पुढे ती ज्याला त्याला सांगायची, "माझ्या माणसाला पाडणारंही औषध आणि उठवणारंही औषध. दोघांतल्या एकाचं नाव खोटं होतं. कुणाचं, ते मला समोर दिसत होतं."

नवव्या दिवशी आतोबा घरी आले. जीव वाचला, पण हातांचा थरकाप गेला नाही. चहाचा कप ओठांशी येईपर्यंत अर्धा बशीत, पाव शर्टावर. घरी आल्या आल्या आत्याने पंप अंगणात काढला आणि कुऱ्हाडीच्या दांड्याने ठोकून त्याचा चेंदामेंदा केला.

"अगं ताई, विकायचा तरी," बाबा म्हणाले.

"विकला असता तर कुणाच्या तरी पाठीवरच गेला असता," आत्या म्हणाली आणि तुकडे गोळा करायला वाकली.

त्या हंगामात तिने वांगी लावली आणि थेंबभरही विष आणलं नाही. अळीला काय, मेजवानीच. शेंडे माना टाकायला लागले, फळांना भोकं पडली. बाबा बांधावर उभे राहून म्हणाले, "ताई, हट्टाने अळी मरत नाही."

"मग हाताने मारते."

आणि ती खरंच रोज सकाळी बादली घेऊन सरीसरीने फिरायची. वाळलेला शेंडा दिसला की खुडायचा, आतल्या अळीसकट बादलीत. आतोबांना खुडता येत नव्हतं, पण मोजता येत होतं. ते स्टुलावर बसून पानं उलटी करून बघायचे आणि ओरडायचे, "तिसऱ्या सरीत मावा, सात पानांवर." गावातली माणसं जाता जाता विचारायची, "काय आतोबा, शिरगणती कुठवर आली?" आत्याला तर लोक 'किडेवाली' म्हणायला लागले. तिने ते नाव ऐकलं आणि ठेवून घेतलं. कुणी हाक मारली की ओ द्यायची.

शाळेतून निवृत्त झालेल्या विज्ञानाच्या बाई शेजारच्या गल्लीत राहायच्या. कीड मोजायची हौस असलेली माणसं गावात आहेत हे कळल्यावर त्या भिंग घेऊन शेतात आल्या. आत्याने कौतुकाने आपली बादली दाखवली. बाईंनी आत हात घालून एक काळी, नारिंगी ठिपक्यांची, काटेरी अळी बोटावर घेतली.

"ही कशाला मारलीत?"

"भयंकर दिसते म्हणून."

"अहो, हे ढालकिड्याचं पिल्लू, तो लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा असतो ना, त्याचं. दिवसाला पन्नासेक मावे खातं. ही तुमच्या बाजूची."

आत्या बांधावर बसली. म्हणाली, "म्हणजे चार महिने मी माझीच माणसं मारत होते." मग पदराने तोंड पुसून उठली. "बाई, सगळ्या किड्यांची तोंडओळख करून द्या. एकेकाची. वेळ लागू दे."

तिथून तिच्या लक्षात आलं की एकटीने भागणार नाही. किड्याला बांध कळत नाही. शेजारी फवारलं की तिकडची अळी हिच्याकडे पाहुणी यायची आणि हिचे ढालकिडे तिकडे जाऊन मरायचे. कालव्याच्या कडेला लहान लहान तुकड्यांची अकरा शेतं होती. आत्या घरोघर गेली. शिंपिणीच्या मशीनपाशी बसली, गवंड्याच्या परातीपाशी उभी राहिली. शिंपीण म्हणाली, "आधीच दोन वाफे. तेही किड्यांना द्यायचे?" आत्या म्हणाली, "आत्ता कुणाला देतेस? विषाच्या दुकानदाराला." शिंपिणीने पायडलवरचा पाय काढला नाही, पण मशीन थांबवलं.

असं करत करत अकराच्या अकरा तयार झाले; बांधाच्या अलीकडचे बाबा तेवढे आले नाहीत. दर गुरुवारी सकाळी सगळ्यांनी एकाच्या शेतात जमायचं, पानं बघायची, शेंडे खुडायचे, चिकट पिवळे सापळे टांगायचे, कडेने मका आणि झेंडू लावायचा. लसूण-मिरचीचा काढा लागलाच तर सगळ्यांनी ठरवून. एकट्याने घाबरून काही करायचं नाही, ही खरी अट. आत्या म्हणायची, "विष बाटलीतून येतं, पण आधी भीतीतून येतं."

तिसऱ्या वर्षी मावा पडला. साधासुधा नाही, पानं खालून काळी चिकट झाली, हात लावला तर बोटं एकमेकांना चिकटायची. चौकातल्या दुकानदाराने ही संधी साधली. त्याच्या दुकानात छतापर्यंत रंगीत बाटल्या आणि भिंतीवर हसऱ्या शेतकऱ्याचं चित्र. त्याने कुठल्याशा कंपनीच्या माणसाला बोलावून ड्रोनने फवारणीचं प्रात्यक्षिक ठेवलं. सगळं फुकट. आणि त्यासाठी शेत दिलं माझ्या बाबांनी.

मी तेव्हा वीस वर्षांची होते. सकाळपासून पाहुण्यांना पाणी देत होते. बांधापलीकडे ती अकरा घरची माणसं जमत होती आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. वारा आमच्याकडून त्यांच्याकडे होता. ड्रोनचे पंखे फिरायला लागले तशी आत्या बांध ओलांडून आली. हातात आतोबांचं स्टूल. आमच्या कोबीच्या मधोमध तिने ते ठेवलं आणि बसली.

"ताई, हे माझं शेत आहे," बाबा म्हणाले.

"आहेच. शेत तुझं. वारा कुणाचा?"

दुकानदार पुढे आला. "मावशी, वारा काय आमच्या सांगण्यावरून वाहतो?"

"नाही ना. हे यंत्र मात्र तुमच्या सांगण्यावरून उडतं. ते थांबवा."

"औषधाने तुमचाही मावा जाईल की. फुकटात."

"माझा नवरा फुकटातच गेला असता," आत्या म्हणाली. "तुम्ही दुकानदार आहात, विका. कोण घेतं तो ज्याचा त्याचा प्रश्न. पण माझ्या वाफ्यात न विचारता आलात तर त्याला विक्री म्हणत नाहीत."

तोवर शिंपीण येऊन खाली मातीत बसली. मग गवंडी, त्याची आई, विज्ञानाच्या बाई छत्री उघडून. एकेक करत सगळे. आतोबा सगळ्यांत शेवटी आले, थरथरते हात मागे बांधून, आणि आत्याच्या शेजारी उभे राहिले. कुणी घोषणा दिली नाही. ड्रोन चालवणाऱ्याने सरळ सांगून टाकलं, "खाली माणसं असताना मी उडवणार नाही. माझा परवाना जाईल." ऊन वाढलं. दुकानदाराने दोन तास वाट बघितली, दहा फोन केले आणि सामान गाडीत भरलं.

मी बांधाच्या अलीकडेच उभी होते, हातात पाण्याचा तांब्या. जाऊन बसावंसं वाटत होतं. गेले नाही. आत्यासाठी पाणी न्यावं, एवढं तरी सुचायला हवं होतं. तेही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी वारा पडल्यावर बाबांनी साध्या पंपाने फवारून घेतलंच. ते आत्याशी सात महिने बोलले नाहीत. अकरातले दोघे घाबरून गटातून फुटले. राहिलेल्या नऊ शेतांत दहा-बारा दिवसांनी ढालकिडे आले, ढिगाने आले आणि मावा ओसरला. पण तीन वाफे तोवर हातचे गेले होते, त्यांत आत्याचाही एक. आम्ही जिंकलो असं शिंपीण कुणाला तरी सांगत होती, तेव्हा आत्याने तिला अडवलं. "ज्यांचं गेलं त्यांच्यासमोर असं बोलू नकोस. त्यांना आधी आपल्यातलं वाटून देऊ." आणि दिलं.

भाजी विकायचीही लढाईच होती. बाजारातल्या व्यापाऱ्याने भोकं बघून टोपलीला हातच लावला नाही. मग ते कापड गिरणीच्या फाटकाबाहेर बसायला लागले. कामाची पाळी सुटली की बायका बाहेर पडायच्या. एकीने वांगं उचलून विचारलं, "हे कोण जेवून गेलं?"

"अळी," आत्या म्हणाली. "जेवली आणि मेली नाही. आता तुम्ही जेवा."

ती बाई हसली आणि दोन किलो घेऊन गेली. पुढच्या वेळी बहिणीला घेऊन आली.

ड्रोनच्या प्रकारानंतर आत्याने गावच्या सभेत मागणी मांडली: फवारायचं असेल तर आदल्या दिवशी शेजाऱ्याला सांगायचं, वाऱ्यात फवारायचं नाही आणि शेजाऱ्याच्या बांधाकडच्या दहा सरी सोडायच्या. सभा तापली. एकजण म्हणाला, "उद्या आमच्या स्वयंपाकघरात काय शिजतं तेही ही सांगेल."

"तुमच्या फोडणीने माझा नवरा आडवा पडायला लागला तर तेही सांगेन," आत्या म्हणाली.

हात वर करायची वेळ आली तेव्हा बाबा पाणी प्यायला बाहेर गेले आणि मोजणी संपेपर्यंत त्यांची तहान काही भागली नाही. ठराव तीन हातांच्या फरकाने निभावला. बाबांचा हात विरोधात असता, त्यांच्याबरोबर उठून गेलेल्या तिघांचाही असता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आत्याने त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. आई मात्र त्या संध्याकाळी बाबांना म्हणाली, "बरी तहान लागली."

आता आत्या अडुसष्ट वर्षांची आहे. शेतं नवाची चौदा झाली आणि एकदा परत बाराही झाली. गेल्या वर्षी तोच दुकानदार हिरव्या पानाचं चित्र असलेली बाटली घेऊन तिच्या दारात आला. सेंद्रिय आहे म्हणाला, तुमचा फोटो छापू द्या.

"आत काय आहे?" आत्याने विचारलं.

"सेंद्रिय."

"ते नाव झालं. आत काय आहे?"

त्याने बाटली फिरवून बघितली. लिहिलेलं नव्हतं. "कंपनीला विचारून सांगतो."

"विचारा. आणि तोवर तुमचाच फोटो छापा."

पुढचा आठवडाभर गटातली माणसं एकेक करून दुकानात गेली आणि काउंटरवर हात ठेवून शांतपणे तेवढंच विचारून आली, आत काय आहे. गवंड्याची आई दोनदा गेली, पहिल्यांदा नीट ऐकू आलं नाही म्हणून. शनिवारी ती बाटली दुकानाच्या काचेच्या कपाटातून हलली.

त्याच सुमाराला मी बाबांकडे बांधालगतच्या चार सरी मागितल्या. ठरावानुसार तिथे फवारता येतच नव्हतं, त्यामुळे नाही म्हणायला त्यांच्याकडे कारण उरलं नव्हतं. तरी त्यांनी बराच वेळ घेतला. "आत्यावर गेलीस," म्हणाले. त्यात तक्रार होती, पण त्यांनी सरींच्या टोकाला खुंट्या स्वतः ठोकून दिल्या.

मी भेंडी लावली. पहिल्या वर्षी निम्म्याहून जास्त अळीने नेली. बाबा बांधावर आले, सरींवरून एक नजर टाकली आणि विचारलं, "मग? पुरे झालं?"

मी आणखी चार सरी मागितल्या.