तेजूचं यंत्र आणि माझा डावा हात

पावण्यांनो, आठवडा झाला, मला फोन करायचं विसरलासा. निदान हे तरी वाचा. मी सांगते, नात तेजू टाईप करतीय.

आज निपाणीत तिच्या कॉलेजात प्रदर्शन होतं. विड्यांसाठी कात्रीनं पानं कापून माझा अंगठा दुखतो, म्हणून तिनं पान कापायचं यंत्र केलतं. सगळ्यांसमोर मी हात लावला अन् म्हटलं, "तेजू, मी डावखुरी हाय गं. विसरलीस व्हय?"

पोरगी रडवेली झाली. मग स्क्रू काढून तिनं मूठ डावीकडं बसवली. पान लोण्यागत कापलं.

"पोरीला कशाला इंजिनिअरिंग?" म्हणणारा तिचा बाप हळूच म्हणाला, "आई, हिला बेळगावला इंजिनिअरिंगला घालूया."

तुमच्या पोरी घरात काय खोलून जोडतात, बघितलंय कधी?

बेळगावकरांनो, तेजू हॉस्टेलात आली की तिला शेंगाची चटणी धाडा. गोड कुंदा मात्र मला.