तिने उघडलेले चार तराफे

कित्येक गुन्ह्यांचे तपशील विसरलो, आरोपींचे चेहरेही पुसट झाले. हे प्रकरण मात्र अजून कालचे वाटते. नावे कोणाचीच देणार नाही.

निवृत्तीला वर्ष उरले होते. मानपाड्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखानदाराचा लेखी अर्ज आमच्या पोलीस ठाण्यात आला. त्याच्याकडे जहाजांवरची जीव वाचवायची साधने तपासून, दुरुस्त करून परत पाठवत आणि नव्या तंत्रज्ञांना हेच काम शिकवत. जहाजावर पेटीत बंद केलेला रबरी तराफा असतो. संकटात दोर ओढला की सिलिंडरमधला गॅस सुटून तो फुगतो. तयार म्हणून ठेवलेल्या दोन तराफ्यांत सिलिंडरची तार सुटलेली सापडली होती. म्हणजे दोर ओढून ओढून हात सोलले असते, तराफा फुगला नसता. कोणीतरी मुद्दाम केले, असे मालकाचे म्हणणे. संशय एका शिकाऊ मुलीवर. सुटीनंतर ती एकटी थांबते, अशी खबर एका कामगाराने दिली होती आणि सीसीटीव्हीत ती बंद पेट्या उघडताना स्पष्ट दिसत होती.

मुलगी आंबिवलीची. वडील नव्हते, आई कपडे शिवायची. प्रशिक्षण संपत आले होते आणि मालकाने तिचे प्रमाणपत्र अडवून ठेवले होते. महिला हवालदाराला घेऊन मी तिच्या घरीच चौकशीला गेलो. "मी काही बिघडवलं नाही, साहेब," एवढे एकच वाक्य. मग पेट्या का उघडल्यास, यावर मान खाली. खोटे बोलणारा माणूस फार बोलतो, हा माझा आयुष्यभराचा अनुभव. ही तर तोंडच उघडत नव्हती.

ठाण्यात येऊन ते चित्रण तीनदा पाहिले. चोराच्या मनात चांदणे असते. त्याची नजर सतत दाराकडे जाते. हिने एकदाही मागे वळून पाहिले नव्हते. आत हात घालून काहीतरी नीट बसवायची, फडक्याने पुसायची, मग पेटी बंद. मी मालकाला तिने उघडलेले चारही तराफे माझ्यासमोर तपासायला लावले. चारही ठणठणीत निघाले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आंबिवली. मी तिला सरळच म्हणालो, "तू बिघडवत नव्हतीस, दुरुस्त करत होतीस. कोणाला सांभाळतेयस?"

तिला रडू फुटले. "सर विसरायला लागलेत, साहेब. कोणाला कळलं असतं तर काढून टाकलं असतं त्यांना."

सर म्हणजे तिथले जुने प्रशिक्षक. उमेदीची सगळी वर्षे जहाजांवर काढलेले. शिकवायची त्यांची एक खास रीत होती. तपासणीला आलेल्या तराफ्यात ते स्वतः एक दोष लपवून ठेवायचे, विद्यार्थ्यांनी तो शोधायचा. नाही सापडला तर संध्याकाळी स्वतः काढायचे. अलीकडे ते काढायचेच विसरत. हिच्या ते लक्षात आले आणि रोज मागे थांबून ती गुपचूप निस्तरू लागली.

सहज विचारावे तसे मी विचारले, "सगळे सापडले ना तुला?"

ती बोटांवर दिवस मोजू लागली. आईला दवाखान्यात ठेवले तेव्हा दोन दिवस ती रजेवर होती, मालकाला सापडलेले दोन तराफे त्याच दिवसांतले, आणि तेव्हाचाच तिसरा एक जहाजावर गेला होता. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

तिथून थेट सरांचे वर्तकनगरचे घर गाठले. सरांच्या पत्नीने पाणी दिले, चहा ठेवला. मी शक्य तितक्या हळुवारपणे सांगितले. सरांनी आपली दोषांची वही आणली. लपवलेल्या प्रत्येक दोषासमोर, तो काढल्याची खूण. शेवटच्या पानांवर खुणाच नव्हत्या. म्हाताऱ्याने वही मिटून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "आधी जहाज थांबवा. माझं काय ते मागाहून लिहून घ्या."

जहाज दुसऱ्या दिवशी सकाळी सुटणार होते. मी तिथूनच मालकाला कळवले, त्याने फोन लावले आणि तराफा उतरवून परत आणला. कारखान्यात सगळ्यांसमोर सरांनी पेटी त्या मुलीलाच उघडायला लावली. तार सुटलेली होती. तिने ती तिथेच जोडली.

"मला का नाही सांगितलंस?" त्यांनी विचारले.

"तुम्हाला कसं सांगणार, सर?"

"बरोबर आहे. शिकवणाऱ्याचीही चूक दाखवायची असते, हे मी तुम्हाला शिकवलंच नाही."

त्याच दिवशी त्यांनी काम सोडले. मुलीला प्रमाणपत्र मिळाले. हेतू वाईट कोणाचाच नव्हता, मालकाचीही तक्रार उरली नाही. अर्ज निकाली निघाला. पण मला चैन पडेना. माझ्या पंचनाम्यातल्या चुका हवालदार गुपचूप सुधारायचे आणि मी त्याला निष्ठा म्हणत आलो होतो. त्या मुलीची मायाही खरीच होती, आणि त्या मायेपायी जहाजावरची माणसे बुडाली असती. हजेरीच्या वेळी मी सगळ्यांना सांगितले, माझे चुकले तर तोंडावर सांगा. आठवडाभरात एका हवालदाराने चारचौघांत माझी चूक दाखवली. राग आला, खोटे कशाला बोलू. पण शेजारची खुर्ची ओढली आणि त्याला म्हणालो, बस, नीट समजावून सांग.