कोसमटोल्याचं पाणी आणि माझा भात

सरकारी क्वार्टरात राहणाऱ्या बाईजवळ दोन गोष्टी आपोआप साठत जातात. रिकामे डबे आणि किस्से! डबे बदलीच्या वेळी शेजारपाजारी वाटून टाकता येतात. किस्से मात्र न बोलावता आपल्यासोबत पुढच्या गावाला येतात. शिवाय दर वर्षी त्यांना पिल्लं होतात, ती वेगळीच.

माझ्याजवळचे बरेचसे किस्से एका व्रतातून निघालेले आहेत. तशी मी व्रतांची बाई. सोमवार, एकादशी, चतुर्थी, सगळं चालायचं. हे म्हणायचे, "ज्या दिवशी जेवायचं असेल, तेवढ्या तारखेवर खूण करून ठेव. म्हणजे मला कळेल!" पण मी सांगते ते व्रत कुठल्याच पोथीत नव्हतं.

पहिली पंचवार्षिक योजना संपत आली होती. तेव्हा चंद्रपूरला सगळे चांदाच म्हणत. गडचिरोली, अहेरी, सारं त्याच जिल्ह्यात. हे अहेरीकडच्या एका ब्लॉकचे विकास अधिकारी होते. विहिरी, बांध, शाळा, खतांचे खड्डे, काय काय करायचं ते वरून ठरून यायचं. किती झालं, ते यांनी वर कळवायचं. कचेरीच्या भिंतीवर ब्लॉकचा मोठा नकाशा होता आणि गावागावावर टाचण्या. काम झालं की हिरवी, चालू असलं की पिवळी, अडलं की लाल.

कोसमटोल्याची टाचणी लाल होती. जंगलातलं लहानसं गोंडांचं गाव. बाया नाल्यावरून पाणी आणायच्या. नाला आटला की रेतीत झिरा खणून वाटी-वाटीनं भरायच्या. विहीर खणायला घेतली, तर खाली काळा खडक लागला आणि काम अडलं.

मी एकदा यांच्यासोबत तिथे गेले होते. गावची पोचूबाई, वयानं माझ्या आईएवढी, मला हात धरून त्या कोरड्या खड्ड्यापाशी घेऊन गेली. "बाई, लेकीची लेक आता घागर उचलाच्या वयाची झाली. तिनं बी नाल्यावरच जावं का?"

मी मनातल्या मनात मार्कंड्याच्या महादेवाला हात जोडले आणि तोंडातून निघून गेलं, "पोचूबाई, या विहिरीला पाणी लागेपर्यंत मी भात खाणार नाही."

पोचूबाईनं मला खालून वर पाहिलं. धानाच्या मुलखात भात सोडायचा! तिच्या डोळ्यांत पाणी येईल असं मला वाटलं होतं.

"भात नाई खाल, तं मंग खाल काय?"

"ज्वारीची भाकर."

"अरे बाप्पा! मंग पाणी लवकरच लागन. लय दिवस नाई टिकाच्या तुमी!"

*

त्या वर्षी जपानी पद्धतीनं धान लावायची मोहीम होती. रोपं विसकटून नाही, दोरी धरून सरळ ओळीत लावायची. यांचे ग्रामसेवक मडावी मोठे तळमळीचे. गावोगाव दोरी घेऊन हिंडले.

वरचे साहेब पाहणीला आले. जीपमध्ये मीही मागे बसले होते, वाटेत देवदर्शन होतं म्हणून. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काय त्या ओळी! जणू वहीवर आखल्या आहेत. साहेब सारखे म्हणत होते, "एक्सलंट! एक्सलंट!"

एका ठिकाणी जीप चिखलात फसली. आम्ही उतरून बांधावरून जरा आत गेलो. पाहतो तर रस्त्याकडची पट्टी तेवढी ओळीत, आणि मागचं सगळं शेत आजोबांच्या काळी लावायचे तसंच!

साहेबांनी शेतकऱ्याला विचारलं, "हे काय? आत का नाही लावलं ओळीत?"

तो बिचारा गोंधळून म्हणाला, "साहेब, जीप तं रस्त्यानंच जाते ना जी?"

मडावींचा चेहरा पाहवेना. पण गंमत पुढे आहे. कापणीला रस्त्याकडच्या पट्टीतच धान जास्त झालं! पुढच्या वर्षी त्याच शेतकऱ्यानं मडावींना गाठून विचारलं, "साहेबाची जीप अंदरून नेता येईन का? मले सारं वावर ओळीतच लावाचं हाये."

*

बिनधुराची चूल हे खातं बायांचं, म्हणून यांनी ते माझ्या गळ्यात घातलं. मी गावोगाव जाऊन माती कालवून दाखवायची. धूर नळीतून वर जातो, डोळे चुरचुरत नाहीत, सगळं सांगायची. बाया मान हलवायच्या.

पुढे एकदा कोसमटोल्याला गेले आणि पोचूबाईला विचारलं, "चूल वापरता ना?"

"वापरतो तं! रोजची वापरात हाये."

मला कोण आनंद! आत जाऊन पाहते तर जुनी चूल कोपऱ्यात धगधगते आहे, घरभर धूर, आणि नव्या चुलीत कोंबडी अंड्यांवर बसलेली. माझ्याकडे अशी पाहते की मीच परवानगीशिवाय आत आले!

"पोचूबाई, हे काय?"

"उठवू नका तिले. तिचे डोये चांगले राह्यले पायजे ना?"

वरून चौकशी आली तेव्हा हे मला म्हणाले, "काय कळवू?" मी म्हटलं, "चूल वापरात आहे, एवढंच कळवा. कोण वापरतं ते त्यांनी कुठं विचारलंय!" यांनी मात्र खरं तेच कळवलं. कोंबडीसकट.

*

आता भाताचं ऐका. आपलं व्रत आपल्यापाशी ठेवावं, असं आमच्याकडे सांगतात. पण माझं व्रत आमच्या जीपच्या ड्रायव्हरला, रहीमभाईंना, पोचूबाईनं सांगितलं. आणि रहीमभाईंना सांगितलं म्हणजे ब्लॉकभर दवंडी! जीप जिथे थांबेल तिथे बातमी उतरायची.

अहेरीच्या आठवडी बाजारात गेले की तांदूळवाली लांबूनच ओरडायची, "काऊन बाई, लागलं का पाणी?" मी मान हलवली की ती शेजारणीला सांगायची, "नाई लागलं अजून. बाई ज्वारीकडंच चालल्या."

एकदा घरातला तांदूळ संपला. यांना तर भात लागायचाच. मी आपली साधेपणानं तांदळाच्या ढिगापाशी बसले आणि मापायला सांगितलं.

झालं! तांदूळवाली उठून उभीच राहिली. "बाईनं तांदूळ घेतले वं! लागलं पाणी!" बाजारात एकच गलका. कोणी माझ्या पिशवीत भेदरं, म्हणजे टोमॅटो, टाकली, कोणी मूठभर मोहफुलं. मी "अहो, यांच्यासाठी, यांच्यासाठी" म्हणते आहे, पण ऐकतो कोण! घरी पोचेपर्यंत शेजारच्या कचेरीत दोन सरपंच हार घेऊन यांचं अभिनंदन करत होते. हे गळ्यात हार घालून माझ्याकडे बघताहेत, की काय झालं तरी काय?

दुसऱ्या दिवशी कोसमटोल्याहून पोचूबाई चार बाया घेऊन पायी आली. दारातच म्हणाली, "आमच्या विहिरीले पाणी लागलं म्हन्तेत. मंग आमाले काऊन नाई दिसून राह्यलं?"

सगळं ऐकल्यावर त्या हसल्या, पण उन्हं उतरायच्या आत नाल्यावर पोचायचं म्हणून लगेच परत निघाल्या. तेव्हापासून घरचा तांदूळ रहीमभाई आणायचे, तोही पिशवीत लपवून. जसा काही चोरीचा माल!

*

दिवाळीत कचेरीला चुना लावला. शिपाई दौलत मोठा हौशी. त्यानं नकाशा काढला, टाचण्या उपटल्या, चुना झाल्यावर नकाशा परत लावला आणि टाचण्या परत टोचल्या. कशा? तर हिरव्या नदीच्या काठानं, पिवळ्या मधे, आणि लाल वर कोपऱ्यात, फुलासारख्या! हे दौऱ्यावर होते. रहीमभाई नकाशा पाहून म्हणाले, "वा दौलत! पाच सालाची योजना तूने एक दिन में पुरी कर दी!"

दौलत लाजला. "चांगली दिसते ना भाऊ?"

हे परतले आणि पाठोपाठ वरचे साहेबही आले. टाचण्या तशाच! साहेब नकाशासमोर उभे राहिले. "अरे, कोसमटोला हिरवा? खडक फुटला म्हणता? व्हेरी गुड!"

सोबतचे लोक टाळ्या वाजवायला तयारच होते. यांना गप्प राहता आलं असतं. पण हे पुढे झाले, हिरवी टाचणी काढली आणि लाल लावली. "साहेब, दिवाळीची सजावट आहे. पाणी लागलं नाही."

साहेब आमच्याकडेच जेवले. मी सगळ्यांना भात वाढला आणि पंगत उठल्यावर माझी भाकर घेऊन बसले. साहेबांनी ते पाहिलं आणि रहीमभाईंना कारण विचारलं. सांगायला रहीमभाईच! ऐकून साहेब बराच वेळ हात धूत राहिले. मग यांना म्हणाले, "सुरुंगवाले होळीपर्यंत देतो. तोवर पाणी नाही लागलं, तर ते दुसऱ्या गावाला जातील आणि कोसमटोल्याची विहीर बुजवून टाकायची. उघडा खड्डा ठेवता येणार नाही."

पोचूबाईला हे कोण सांगणार? मीच गेले. ती ऐकून घेऊन म्हणाली, "बुजवाले माती लागन ना? थे आमी उचलू देऊ तवा ना!"

*

मग कोसमटोल्यानं कंबर कसली. सुरुंग उडाला की धूर बसायच्या आत बाया टोपल्या घेऊन खाली. मडावी म्हणजे इस्त्रीचा सदरा घालून उद्घाटनाला जाणारे ग्रामसेवक, तेही लंगोट कसून दगड उचलू लागले. पोचूबाई त्यांना म्हणायची, "भाऊ, आता तुमी साहेब नाई, आता मानूस दिसता!"

महिने गेले. महाशिवरात्र झाली. मार्कंड्याला जाऊन आले, तरी खडक तसाच. होळीच्या गोवऱ्या थापायला लागल्या बाया, आणि मी दिवस मोजायला. भाताचं काही नव्हतं हो. भाकरीची सवय झाली होती. पण त्या लेकीच्या लेकीची घागर डोळ्यांपुढून हलत नव्हती. देवापुढे बसले की मंत्र राहायचा बाजूला, आणि मी म्हणायची, "महादेवा, तुझ्या जटेतून एवढी गंगा निघते. त्यातली एक घागर इकडे वळव रे बाबा!"

एका दुपारी दुरून जीपचा हॉर्न ऐकू आला. वाजतोच आहे, थांबत नाही. मला वाटलं, हॉर्न अडकला. जीप दारात थांबली. रहीमभाई कधी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नसत. त्या दिवशीही नाही टाकलं. अंगभर चिखल, उंबऱ्याबाहेर उभे राहून फक्त एवढंच म्हणाले,

"भाभी, भात चढवा!"

मी तशीच जीपमध्ये बसले. कोसमटोल्याला पोचले तर सुरुंगवाले गुडघाभर पाण्यात आणि मडावी काठावर बसून लहान मुलासारखे रडताहेत. पोचूबाईनं त्याच पाण्यात भात शिजवला होता. मातकट, लालसर, दाताखाली रेती कचकचणारा. मी पहिला घास देवाच्या नावानं बाजूला काढला आणि पुढचे किती खाल्ले ते मला आठवत नाही. हे बाजूला उभे राहून म्हणाले, "अगं, विहिरीतली सगळी रेती तूच संपवणार का?"

*

आता शेवटचा किस्सा. पुढच्या वर्षी साहेब पुन्हा पाहणीला आले. कोसमटोल्याला आम्ही जीपमधून उतरतो तर विहिरीवर दोन बायांचं कडाक्याचं भांडण चाललेलं! आधी कोणाचा दोर, कोणाची घागर! एक थांबली की दुसरी, दुसरी थांबली की पहिली. साहेबांनी कपाळाला आठी घातली.

"विकास झाला आणि भांडणं सुरू झाली?"

पोचूबाई तर नुसती फुलून आली होती. "आयका जी साहेब, आयका! दोघीचा आवाज पाहा कसा खणखणीत हाये! नाल्यावरून घागर आनत होतो तवा घरी येयेपर्यंत भांडाले दम कुठी राह्याचा?"

साहेब इतके हसले की टोपी हातात घ्यावी लागली.

त्या हसण्याचा मोका साधून पोचूबाई माझ्याकडे वळली. "बाई, आता आमाले रस्ता पायजे. पावसायात बिमार मानूस खाटेवर न्यावं लागते. सांगा, रस्त्यासाठी काय सोडता?"

सगळं गाव माझ्याकडे बघू लागलं. साहेबसुद्धा!

मी म्हटलं, "पोचूबाई, या खेपेला तुम्ही सोडा. साऱ्या गावानं मिळून एक गोष्ट सोडा. महादेव तुमचंही ऐकेल."

पोचूबाईनं विचार केला. बायांकडे पाहिलं, विहिरीकडे पाहिलं, आणि हात वर करून जाहीर केलं, "बरं तं मंग! रस्ता होयेपर्यंत विहिरीवर कोनी भांडाचं नाई!"

विहिरीवरचे दोर अर्ध्यात थांबले. मग मघाच्या त्या दोघी एकमेकींकडे पाहून एका सुरात म्हणाल्या,

"रस्त्याची येवढी काय घाई हाये जी?"

मंडळी, त्या रस्त्यासाठी तुम्ही तरी सोडा हो काहीतरी!