बोरकर सरांच्या डिक्कीतलं पाणी

गॅरेजवाल्याजवळ किस्से कसे साचतात माहीत आहे? डिक्कीत पाणी साचतं तसे! कुठून आत आले कळत नाही, एक दिवस झाकण उघडावं तर भरलेलं. नव्वदच्या दशकात पुलगाव-नाचणगाव रोडवर माझं आणि माझा पार्टनर रमेश याचं गॅरेज होतं. इंजिनवाले पुष्कळ होते, पण डिक्कीतलं पाणी काढावं तर आम्हीच! असं अख्खा तालुका म्हणायचा. मीही म्हणायचो.

तर राजेहो, रमेशचं बोरकर सरांच्या लेकीवर, वंदनावर प्रेम होतं, अन् वंदनाचं रमेशवर. सर म्हणजे रिटायर्ड हेडमास्तर. मागणी घालायला मीच गेलो. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि अंगणातल्या जुन्या पांढऱ्या गाडीकडे बोट दाखवलं.

"हिच्या डिक्कीत पानी येते. ज्याले डिक्कीतलं पानी थांबवता येत नाई, तो संसार काय सांभाळन? आधी हे करून दाखवा, मंग बोलू."

म्हटलं, हा तर आमच्या हातचा मळ!

*

पाणी शोधायची आमची एक ट्रिक होती. डिक्की कोरडी करायची, आत टाल्कम पावडर भुरभुरायची आणि वरून पाइपने पाणी सोडायचं. पाणी जिथून शिरतं तिथून पावडरीवर ओघळ उमटतो. सिंदी रेल्वे गावच्या एका कापूसवाल्या शेठची गाडी अशीच दुरुस्त करून दिली. दुसऱ्या दिवशी शेठ गरजत आले.

"काऊन रे, डिक्कीत काय टाकलं? घरी बायको विचारून राह्यली, हा चंदनाचा वास कोनाचा?"

रमेश म्हणाला, "शेठ, पानी आलं का पन?"

"पानी गेलं खड्ड्यात! तू घरी चाल अन् सांग तिले!"

रमेश बिचारा सिंदीला जाऊन शपथ घेऊन आला. आठवड्याने शेठाणीचा निरोप, "पावडर कोन्ती होती, ते लिहून देजो."

*

आष्टीचे एक संत्रा बागाईतदार तर आमच्याही वरचढ! डिक्कीत पाणी साचतं म्हणून त्यांनी स्वतःच ड्रिलने तिच्या बुडाला भोकं पाडली. "येऊ दे नं पानी, जाईन खालून!"

मग एकदा गाडी नाल्यातून घातली, आणि पाणी खालून वर आलं. गाडी घेऊन आले ते छाती फुगवून.

"आता नाल्याचं बी येते. पन तुमचं काम सोपं झालं नं! कुठून येते ते दिसते."

मी कपाळावर हात मारून घेतला.

*

इकडे सरांची गाडी काही ऐकेना. झाकणाचं रबर बदललं, टेललाइटमागचं पॅकिंग बदललं. दर वेळी सर हजर, "ओलं हाय!" रमेशचं जेवण सुटलं. त्यात वर्ध्याहून वंदनाला दुसरं स्थळ आलं.

अन् ऐन मे महिन्यात, आभाळात ढग नाही अन् डिक्कीत पाणी! माझं डोकंच फिरलं. तसाच सरांच्या घरी गेलो. पाहतो तर गाडी खिडकीतल्या कूलरखाली उभी, आणि कूलरचं पाणी डिक्कीवर टपटप!

"सर, हा कूलर हलवा आधी!"

"काऊन हालवू? कूलर आपल्या जागी हाय. पानी आत जाते, तो तुमचा दोष!"

माणूस बरोबर बोलत होता. म्हणूनच मला जास्त राग आला.

*

त्या रागातच मी गाडी ओढत गॅरेजवर आणली. डिक्कीच्या बिजागरीखाली पत्र्याच्या जोडावर केसाएवढी चीर सापडली. रमेशने जीव ओतून ती भरली. रविवारी सकाळी आम्ही गाडी सरांच्या अंगणात नेऊन उभी केली.

"तुमच्या डोळ्यावर माहा भरोसा नाई," सर म्हणाले. "मी सोता आत बसून पाहातो." टॉर्च घेतला, धोतर आवरलं आणि हेडमास्तर डिक्कीत शिरले! "लाव झाकन, वंदना!"

वंदनाने झाकण लावलं, किल्ली मुठीत धरली आणि पाइप सोडला. गाडी धो धो न्हाऊन निघाली.

"बाबा, पानी आलं का?"

"नाई."

"एक थेंब बी नाई?"

"नाई म्हनलं नं! उघड आता."

वंदनाने पाइप खाली ठेवला. "मंग लग्नाचं बोला. तुम्हीच म्हनलं होतं, पानी थांबलं की बोलू. बोलल्याशिवाय मी काई उघडत नाई."

रमेश पांढराफटक पडला. मग डिक्कीवर आतून टकटक झाली.

"टॉर्च हाय माह्याजवळ," सर म्हणाले. "थोडी फट कर, अन् पंचांग तेवढं आत सरकव!"