दोरवाली वहिनी

आमच्या वहिनीला मी कधी स्वस्थ बसलेली पाहिली नाही. जेवतानाही एक गुडघा उभा, उठायच्या तयारीत. थोरला भाऊ गेल्यावर तर तिच्या पायांना भिंगरीच लागली. घरातून अंगण, अंगणातून बांध, बांधावरून परत घर. त्यात कमरेला दोर बांधून पुढं पिटबुल कुत्रा चालवायला लागली आणि आमच्या गावात, बिरसीत, तिचं नाव पडलं 'दोरवाली'. ते नाव मीच पाडलं.

कुत्रा मुळात तिचा नव्हता. गावच्या विमानतळावर विमान शिकायला आलेला एक पोरगा तिच्या खोलीत भाड्यानं राहायचा, त्याचा होता. पोराचं शिक्षण झालं, पोरगा उडाला, कुत्रा राहिला. पाट्यासारखं सपाट डोकं, बैलासारखी छाती, अडकित्त्यासारखा जबडा. वहिनीनं त्याचं नाव ठेवलं बारक्या.

मी म्हटलं, "वहिनी, हे जनावर कायले घरात ठेवून राहिल्या? उद्या कोनाचं नरडं धरलं त?"

ती अंगण सारवत होती. वर न पाहता म्हणाली, "मानसाले लय जीव लावते तो, भाऊजी. दुसऱ्या कुत्र्याशी मात्र त्याचं पटत नाही. आता तुमचं तरी कुठं कोनाशी पटते?"

मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस, पण कोणाचं ऐकून घेत नाही. तिचं ऐकून घ्यावं लागायचं, कारण बोलून होईपर्यंत ती पुढच्या कामाला लागलेली असायची.

"थकला का शहाना, रिकामा का सैतान," हा बारक्याबद्दल तिचा मंत्र. ऊन चढायच्या आत बारक्याला तलावावर नेऊन पोहवायची. एक दिवस ताप आला म्हणून ती गेली नाही, तर त्यानं दुपारपर्यंत खाटेचा एक पाय खाऊन टाकला. तापातच उठली, त्याला फिरवून आणला, मग परत निजली. साखळीला कधी बांधला नाही. "साखळीनं कुत्रा बिघडते," म्हणायची. मारला तर मुळीच नाही. दुसरी कुत्री असलेल्या गल्लीतून जाताना मात्र त्याच्या तोंडाला सुतळीचं मुस्कं. मळणीच्या बैलाला घालतात तसंच, तिनं स्वतः विणलेलं.

एकदा बारक्यानं माझ्या खांद्यावरचा दुपट्टा धरला. मी ओढला, त्यानं ओढला. मी सोडणारा नाही, तो तर नाहीच नाही. अर्धं गाव गोळा झालं. वहिनी सुपातलं धान टाकून धावत आली आणि हसायलाच लागली.

"भाऊजी, ओढाल त त्याले खेळ वाटते. हात ढिला करा."

"मी काऊन ढिला करू? दुपट्टा माझा आहे."

"मंग धरून ठेवा. दोघांतला शहाना पह्यले सोडंल."

मी सोडला. तेव्हा त्यानंही सोडला आणि माझा हात चाटला. तो दुपट्टा मी परत वापरला नाही.

त्या विमानवाल्या पोरानं कुत्र्याला इंग्रजी शिकवलं होतं. वहिनीला ते बोलता येईना, म्हणून तिनं त्याला नव्यानं मराठी शिकवलं. 'बस' म्हटलं की बसायचं आणि 'चाल बाबू' म्हणेपर्यंत उठायचं नाही. पक्कं शिकवलं. फक्त आपल्या गावात एसटी येते, हे तिच्या ध्यानात राहिलं नाही. फाट्यावर कोणी ओरडलं, "बस आली रे!" की बारक्या भर रस्त्यात बसायचा. दोर कमरेला, म्हणून वहिनीही तिथंच अडकायची. ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून दमायचा. वहिनी आधी बारक्याच्या पाठीवरून हात फिरवायची, "त्यानं ऐकलं ना, मंग शाबासकी नको?" म्हणायची, मग सावकाश "चाल बाबू". सगळ्या जन्मात तिची सावकाशी मी तेवढीच पाहिली.

मग वहिनीचे गुडघे गेले. तिची नागपूरची पोरगी तिला न्यायला आली. तिच्या फ्लॅटमध्ये कुत्र्याला मनाई. गावात त्याला घ्यायला कोणी तयार नाही. एक-दोघं म्हणाले, जंगलात सोडून द्या. त्या आठ दिवसांत वहिनी एका जागी ठरली नाही. लंगडत का होईना, दारोदार फिरली. शेवटी माझ्या ओसरीवर आली.

मी आधीच सांगून टाकलं, "मी कुत्र्याचा दोर हातात धरनार नाही."

"धरू नका," ती म्हणाली. "कमरेले बांधा."

आणि उत्तर ऐकायला थांबली नाही.

जायच्या दिवशी फाट्यावर दोर माझ्या कमरेला होता. कोणीतरी ओरडलं, "बस आली!" बारक्या बसला. वहिनी वाकली, त्याच्या पाठीवरून हात फिरवला, पण ते दोन शब्द बोलली नाही. बोलली असती तर तो तिच्या मागं गेला असता. चढताना एकदा माझ्याकडे पाहिलं तेवढंच.

गाडी गेली. धूळही खाली बसली. बारक्या हलेना. मी ओढलं, तो दगड. ऊन डोक्यावर आलं. पानठेल्यावरची पोरं मजा पाहत होती. "काका, त्याले बाबू म्हना ना!" एक जण म्हणाला. मी स्वतःच्या पोरांना कधी बाबू म्हटलं नाही.  बारक्याची जीभ बाहेर आली, पाय भाजत होते, तरी तो उठेना. तेव्हा मी म्हटलं. हळूच म्हटलं, तर त्याला ऐकू गेलं नाही. मग सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणावं लागलं, "चाल बाबू!"

दिवाळीनंतर नागपूरहून फोन आला, वहिनी गेली. पोरगी म्हणाली, शेवटी शेवटी आई पलंगावरही पाय हलवत राहायची.

आता गावात मला 'दोरवाला' म्हणतात. म्हणू दे. मलाही घरात बसवत नाही. उजाडलं की आम्ही तलावावर, तिथून फाट्यावर. बस आली की बारक्या बसतो आणि दाराकडे पाहतो. लोक उतरतात. पोरं म्हणतात, "काका, म्हना ना लवकर." शेवटचा माणूस उतरेपर्यंत मी म्हणत नाही.