आटलेल्या विहिरीतल्या बैठका

माझ्या रूम पार्टनरइतका तब्येतीला जपणारा माणूस सबंध मराठवाड्यात दुसरा झाला नसेल. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. रोज नव्या कचेरीची पाटी लागत होती आणि नळाला पाणी नव्हतं. आम्ही कॉलेजातली बाकीची पोरं टँकरच्या मागे धावत असू, तेव्हा हा ओल्या फडक्यात मटकीला मोड आणत बसलेला असायचा. घास तर इतका वेळ चावायचा, की मेसच्या मावशींनी एकदा विचारलं, "बाळा, जेवायलास का झोपायलास?" भेटेल त्याची खालची पापणी ओढून अंगात रक्त किती आहे ते बघायची त्याला खोड होती. मुरुडच्या एसटीत त्यानं चक्क कंडक्टरची पापणी ओढली आणि शांतपणे सांगितलं, "रक्त कमी हाय मामा. पालेभाजी खात जा." मामांनी आम्हाला पुढच्याच थांब्यावर उतरवलं.

व्यायामासाठी त्यानं निवडली होती आमच्या खोलीमागची आटलेली विहीर. तळाला गारवा असतो म्हणायचा. भर दुपारी दगडी पायऱ्या उतरून तो मोठ्यानं आकडे मोजत बैठका मारी. घागरी घेऊन निघालेल्या बायांना जमिनीखालून मोजणी ऐकू यायची. त्यांनी वाटच बदलली. आम्ही पोट धरून हसलो.

मग एक दिवस तो म्हणाला, "खाली माझ्यासंगं कुणीतरी मोजतंय. लई दमाचा गडी हाय."

"आवाज घुमत असंल," मी म्हणालो.

"मी थांबलो तरी तो पुढं जातो."

म्हणून दुसऱ्या दिवशी मी काठावर जाऊन बसलो. खालून त्याचा आवाज येत होता आणि त्याच्या मागून दुसरा, जरासा जाड. मध्येच माझा पार्टनर थांबला, कमरेवर हात ठेवून वर माझ्याकडे बघत राहिला. त्याचे ओठ मिटलेले होते. आकडे चालूच होते. मग एकाएकी तेही बंद झाले, आणि हा धडपडत वर आला.

"त्यानं मोजणं सोडलं," तो म्हणाला. "आजवर कधी सोडलं न्हवतं."

एवढं बोलेपर्यंत विहिरीची एक बाजू खचली. दगडमातीखाली तळ दिसेनासा झाला. मी त्याला मागे ओढत होतो आणि तो काठाशी ओणवून हाका मारत होता, "गड्या, वर ये. वर ये रे." कुणाला म्हणून हाक मारायची, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

पुढे त्याला आरोग्य खात्यात नोकरी लागली आणि तो देवणीला स्थायिक झाला. मध्यंतरी मी त्याच्या घरी जाऊन आलो. तब्येत अजून तशीच, ठणठणीत. निघताना मला स्टँडवर सोडायला नवरा-बायको दोघंही आले. उन्हात तुम्ही कशाला त्रास घेतला, असं मी वहिनींना म्हणालो.

"एकटे आले की घरी पोचायला लई वेळ लावतात," त्या हळूच म्हणाल्या. "वाटेत थांबत थांबत येतात. कुणी मागं राहिल्यासारखं."